सॉफिट म्हणजे नेमकं काय? छताची खालची बाजू ओळखायची, मापायची, बांधायची आणि सांभाळायची कशी

घर बांधायला काढलं की मालकाचं सगळं लक्ष स्लॅबच्या वरच्या बाजूला असतं. पाणी साठवलं का, गच्चीला उतार दिला का, वॉटरप्रूफिंगला किती वर्षांची हमी मिळाली, याची चौकशी रोज होते. त्याच स्लॅबची खालची बाजू मात्र रंगारी येईपर्यंत कुणी निरखून बघत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात हे महागात पडतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पाऊस आडवा मारतो आणि छज्ज्याखालून भिंतीत मुरतो. माण, आटपाडी, जतकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. या दोन्ही तक्रारींवरचा उपाय बऱ्याच अंशी छताच्या खालच्या बाजूलाच करावा लागतो. स्थापत्यात तिला ‘सॉफिट’ म्हणतात. हा शब्द नकाशात, कोटेशनमध्ये, रंगाच्या मापात सगळीकडे येतो आणि नीट न कळल्यामुळे कामं बिघडतात. म्हणून अर्थापासून सुरुवात करून दुरुस्तीपर्यंत क्रमाने जाऊ.

आधी विचारा: सॉफिट कशाचा?

बांधकामातल्या कोणत्याही भागाची खालून दिसणारी बाजू म्हणजे त्या भागाचा सॉफिट. स्लॅबला सॉफिट असतो, बीमला असतो, दारावरच्या लिंटेलला, छज्ज्याला, बाल्कनीला, जिन्याच्या तिरक्या स्लॅबलाही असतो. कमानीची आतली गोलाई हाही सॉफिटच. लिंब गावातली बारा मोटांची विहीर पाहिली असेल, तर पायऱ्या उतरताना डोक्यावर येणाऱ्या कमानीचे आतून दिसणारे घडीव दगड आठवा, म्हणजे नेमकं लक्षात येईल.

साइटवर सेंट्रिंगवाले (काँक्रीट भरायला फळ्या-टेकूंचा साचा लावणारे) आणि गवंडी सर्रास ‘बॉटम’ म्हणतात: स्लॅबचा बॉटम, बीमचा बॉटम. ते अगदी बरोबर आहे. नकाशात ‘बीम सॉफिट’ लिहिलं असेल तर मिस्त्रीला ‘बीमचा बॉटम’ म्हणून सांगावं, तो लगेच समजतो.

नुसता ‘सॉफिट’ म्हणणं अर्धवट आहे. ‘सॉफिटला प्लास्टर करायचं’ असं कोटेशनमध्ये दिसलं, तर सही करण्याआधी कशाच्या सॉफिटला ते विचारा. खोल्यांच्या स्लॅबला फक्त, की छज्जे, माळे, बाल्कनी आणि जिन्याच्या पोटालाही? या भागांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर चांगलंच भरतं आणि शेवटच्या बिलावरचा वाद बहुतेक वेळा इथेच होतो.

सीलिंग आणि सॉफिट यांतही घोळ होतो. सीलिंग खोलीचं असतं, सॉफिट त्या घटकाचा. पीओपीचं फॉल्स सीलिंग लावलं की खोलीचं सीलिंग खाली येतं, स्लॅबचा सॉफिट जागच्या जागी राहतो. त्यामुळे इलेक्ट्रिशियनला ‘सीलिंगपासून नऊ इंच खाली’ सांगितलं तर तो कुठून मोजेल ते त्याच्या समजुतीवर अवलंबून. ‘स्लॅबच्या बॉटमपासून’ किंवा सरळ ‘फरशीपासून इतके फूट’ सांगा.

आणखी दोन वापर माहीत असावेत. मॉड्युलर किचनवाले वरच्या कपाटांच्या आणि स्लॅबच्या मधली जागा बंद करणाऱ्या खोक्यालाही सॉफिट म्हणतात. आणि परदेशी कॅटलॉगात ‘सॉफिट पॅनेल’ दिसलं, तर ते उतरत्या छपराच्या बाहेर आलेल्या भागाला खालून लावायच्या पट्ट्यांबद्दल असतं. त्या जागेला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वळचण म्हणतात. पावसात वळचणीला उभं राहून डोक्यावर पाहिलं की दिसतो तो वळचणीचा सॉफिट. जुन्या वाड्यांत मजल्याच्या खालच्या बाजूला कड्या आणि त्यांवर फळ्या दिसतात तो कडीपाट, आणि लाकडी फळ्यांनी मढवलेलं छत ती तक्तपोशी.

घराबाहेरही हा शब्द भेटतो. सांडपाण्याच्या पाइपाच्या नकाशात आतल्या वरच्या बाजूला सॉफिट आणि आतल्या तळाला इन्व्हर्ट लिहितात. पुलाच्या बाबतीत गर्डरची किंवा स्लॅबची खालची बाजू म्हणजे सॉफिट लेव्हल. सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी तोंडपाठ असते. नवा पूल आखताना इंजिनिअर महत्तम पूरपातळी आणि पुलाचा सॉफिट यांत मोकळं अंतर राखतात, ते पुरात वाहत येणारी झाडं-ओंडके अडकू नयेत म्हणून.

पहिली पायरी: नकाशातली पातळी वाचा आणि स्वतः वजाबाकी करा

सॉफिटची उंची नेहमी तयार फरशीच्या पातळीपासून धरायची. नकाशात ही पातळी शून्य लिहिलेली असते. मजल्याची उंची (तयार फरशीपासून स्लॅबच्या वरच्या बाजूपर्यंत) ३००० मिमी, म्हणजे सुमारे दहा फूट, आणि स्लॅब १२५ मिमी जाड असेल तर स्लॅबचा सॉफिट २८७५ मिमीवर येतो. बीमची खोली, म्हणजे वरपासून खालपर्यंतचं माप, ४५० मिमी लिहिली असेल तर त्यात स्लॅबची जाडी धरलेली असते, म्हणून बीमचा सॉफिट ३००० वजा ४५०, म्हणजे २५५० मिमीवर. ४५० मध्ये स्लॅबचे १२५ परत मिळवायचे नाहीत. ही चूक सेंट्रिंगच्या वेळी झाली तर बीम पाच इंच खाली येतो आणि भरल्यावर काही करता येत नाही.

आता हे आकडे नियमाशी ताडून पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची फरशीपासून स्लॅबच्या सॉफिटपर्यंत किमान २.७५ मीटर आणि बीमखाली किमान २.४ मीटर हवी. जिन्याखालून किंवा त्याच्या लँडिंगखालून वाट असेल तर डोक्यावर किमान २.२ मीटर. वरच्या उदाहरणात खोली पास होते. पण त्यात सहा इंच खाली फॉल्स सीलिंग घेतलं तर २७२५ मिमीच उरतात. एसीच्या खोलीला संहिता फॉल्स सीलिंगखाली २.४ मीटर चालवून घेते, साध्या खोलीला नाही. ज्यांना सगळ्या घरभर फॉल्स सीलिंग हवं, त्यांनी मजल्याची उंची साडेदहा फूट धरावी. हा निर्णय पायाच्या वेळीच घ्या.

लिंटेलचं गणित वेगळं आणि त्यात फसणारे जास्त. दार सात फुटांचं, म्हणजे २१०० मिमी. ही उंची तयार फरशीपासूनची. गवंडी काम करतो तेव्हा फरशी बसलेली नसते, खाली नुसता कोबा असतो. त्यावर माल आणि टाइल मिळून साधारण तीन इंच चढतात. कोब्यापासून सात फूट मोजून लिंटेल भरला तर फरशी झाल्यावर दार पावणेसात फुटांचं होतं, मग चौकट तासत बसा. यावर उपाय सोपा आहे. काम जोत्यावर आलं की पाण्याच्या नळीने लेव्हल काढून प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कॉलमवर तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीची रेघ मारून घ्या. त्यानंतर खिडकीची सिल, लिंटेलचा सॉफिट, बीमचा बॉटम सगळं त्या रेघेपासून मोजायला लावा. रेघ पुसली की परत मारायची.

दुसरी पायरी: स्लॅब भरण्याआधी खालून बघा

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी सगळे वर चढून लोखंड मोजतात. तुम्ही खाली जा. फळ्यांच्या किंवा प्लायच्या सांध्यांतून उजेड दिसतोय का बघा. जिथून उजेड येतो तिथून सिमेंटचं पाणी जातं, आणि सेंट्रिंग खोलल्यावर तिथेच खडी उघडी पडलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखी जागा दिसते. ते सांधे टेपने किंवा पट्टीने बंद करून घ्या. टेकू ओळंब्यात आहेत का आणि त्यांच्या बुडाशी मऊ माती नाही ना, तेही पाहा. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत अवकाळी सर पडली की टेकूखालची माती बसते आणि स्लॅबच्या सॉफिटला पोट येतं. टेकूखाली रुंद फळी हवीच.

लोखंड आणि प्लाय यांच्या मधलं अंतर म्हणजे कव्हर. घरातल्या स्लॅबला ते साधारण २० मिमी असतं. पावसात उघड्यावर राहणाऱ्या छज्जा-बाल्कनीला इंजिनिअर जास्त सांगतो, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात मध्यम स्वरूपाच्या परिस्थितीसाठी ३० मिमी दिलं आहे. या कामाला सिमेंटचे किंवा पीव्हीसीचे तयार कव्हर ब्लॉकच वापरा. खडीचा तुकडा सारून चालवून घेणारे बरेच भेटतात. माणसं वरून चालली की तो सरकतो आणि सळई प्लायला टेकते. सॉफिटला पुढे गंज फुटतो तो अशाच जागी.

सेंट्रिंग कधी खोलायचं, हे तर आयएस ४५६ : २००० मध्ये सॉफिटचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. स्लॅबच्या सॉफिटच्या फळ्या ३ दिवसांनी आणि बीमच्या ७ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगोलग परत लावायच्या अटीवर. टेकू काढायचे तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीम ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत, तेही पाणी नीट मारलेलं आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेलेलं नसताना. आपल्याकडे घरबांधणीत बहुतेक पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) वापरतात आणि त्याची ताकद सुरुवातीला हळू येते. पाचगणी-महाबळेश्वरची हिवाळ्यातली रात्र १५ अंशांच्या खालीच असते. अशा ठिकाणी इंजिनिअरला विचारून दिवस वाढवा. सेंट्रिंगचं सामान दुसऱ्या साइटला न्यायची ठेकेदाराची घाई असते. तिच्यापुढे मान तुकवू नका.

छज्जा आणि बाल्कनीचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे असे काढायचे आणि मागची भिंत किंवा वजन चढल्याशिवाय काढायचेच नाहीत. यांचं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे खालून सॉफिट कितीही गुळगुळीत दिसला तरी तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी पायरी: छज्ज्याखालची खाच

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलं तर हे करा. छज्ज्याच्या कडेवरून आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते कडेला वळतं, खालच्या बाजूला चिकटतं आणि सॉफिटवरून आत सरकत भिंतीपर्यंत पोहोचतं. तिथून खिडकीच्या चौकटीवर आणि मग खोलीत. बाहेरून लोक छज्ज्याच्या वर डांबर फासतात, केमिकल लावतात, आणि ओल तशीच राहते, कारण पाणी खालून येत असतं.

उपाय म्हणजे सॉफिटला कडेपासून साधारण एक इंच आत, कडेला समांतर अशी अर्धा ते पाऊण इंच रुंद आणि जवळपास तेवढीच खोल खाच. साइटवर तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. आत सरकणारं पाणी या खाचेच्या कडेपाशी थांबतं, थेंब जड होतो आणि खाली पडतो. स्लॅब भरताना प्लायवर उतरत्या बाजूंची लाकडी पट्टी ठोकली की खाच आपोआप मिळते, फक्त तिथे कव्हर कमी होणार नाही इतकी सळई वर घ्यायला सांगा. पट्टी राहून गेली असेल तर प्लास्टर करताना काढता येते. खाच भिंतीला भिडवायची नाही. दोन्ही टोकांना भिंतीपासून एक-दोन इंच आधी थांबवायची, नाहीतर गोळा झालेलं पाणी तीच भिंतीत नेऊन सोडते. वरच्या बाजूला उतार बाहेर हवा आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे सिमेंट-मालाची गोलाई.

पैसे देण्याआधी परीक्षा घ्या. छज्ज्याच्या कडेवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्याला खाली बॅटरी घेऊन उभं करा. खाचेच्या बाहेरचा एक इंच भिजला पाहिजे आणि आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे. आत ओघळ दिसला तर तिथे खाच भरलेली आहे, बहुधा रंगाने किंवा प्लास्टरच्या मालाने. खिळ्याने साफ करून परत पाणी ओता. जुन्या घरांनाही हे जमतं. खाच मारायला जागा नसेल तर कडेला ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची ड्रिप पट्टी चिकटवता येते.

चौथी पायरी: प्लास्टर

सॉफिटचं प्लास्टर पातळ हवं. १:३ किंवा १:४ प्रमाणात ६ मिमी पुरतं. सेंट्रिंग वाकडं होतं म्हणून इंच-दीड इंच माल चढवून लेव्हल केली जाते आणि तेच प्लास्टर पुढे पापुद्रा सुटून खाली येतं. प्लाय चांगला असेल तर प्लास्टर टाळून नुसती पुट्टी मारणं मला जास्त पटतं. प्लास्टर करायचंच तर सेंट्रिंग खोलल्या खोलल्या, काँक्रीट हिरवं, म्हणजे ताजं असताना हातोडी-छिन्नीने पृष्ठभाग खडबडीत करून घ्या, सेंट्रिंगचं तेल धुऊन काढा. आधी छत, मग भिंती. दोन्ही मिळतात त्या कोपऱ्यात बारीक खाच ठेवली तर पुढे पडणारी चीर तिच्यात लपते.

कोयना खोऱ्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटण-कराड भाग विसरलेला नाही आणि बारीक हादरे अजून बसतात. तिथे डोक्यावर जाड प्लास्टर, वजनदार पीओपीच्या नक्ष्या नकोत. फॉल्स सीलिंग करायचंच तर हलका बोर्ड घ्या आणि हँगर स्लॅबमध्ये अँकर ठोकून घट्ट करा. कृष्णेचं पाणी शिरणाऱ्या सांगलीच्या वस्तीत तळमजल्याला जिप्सम बोर्ड लावू नये, भिजला की तो दम सोडतो.

पाचवी पायरी: वळचण बंद करायची का?

मंगलोरी कौलांचं छप्पर सांध्यांतून श्वास घेतं, त्याची वळचण उघडी राहिली तरी बिघडत नाही. वासे, रिपा दिसतात, वाळवी लागली तर वेळेत कळते. पत्र्याचं आणि खाली फॉल्स सीलिंग असलेलं घर मात्र वेगळं. तिथे तापलेली हवा मधेच कोंडते. वळचण फळ्यांनी गच्च बंद केली तर त्यात भर पडते. वळचणीच्या सॉफिटला जाळीच्या पट्ट्या आणि आढ्यापाशी हवा सुटायला जागा, दोन्ही ठेवा. खालून थंड हवा येते, वरून गरम निघते. वर जागा न ठेवता नुसती खाली जाळी लावून काही साधत नाही. अमेरिकी निवासी संहितेत माळ्याच्या (छपराखालच्या पोकळीच्या) क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी निव्वळ मोकळी जागा मागतात, वर-खाली नीट वाटली असेल तर १/३००. अंदाजासाठी हा आकडा चांगला: ६०० चौरस फुटांना चार चौरस फूट. पाकोळ्या, वटवाघळं, मधमाश्या शिरू नयेत म्हणून जाळी बारीक आणि न गंजणारी घ्या.

पट्ट्यांसाठी पावसाच्या बाजूला फायबर सिमेंट बोर्ड टिकतो. पीव्हीसी स्वस्त, पण जत-आटपाडीच्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतं.

सहावी पायरी: दसरा-दिवाळीच्या साफसफाईत तपासणी

पाऊस उघडल्यावर, रंग द्यायच्या आधी, शिडी आणि बॅटरी घेऊन घरातले सगळे सॉफिट बघून घ्या. पिवळसर कडेचा डाग म्हणजे पाणी येऊन वाळलं, वर बाथरूम किंवा गच्चीचा कोपरा शोधा. पांढरी भुकटी म्हणजे पाणी काँक्रीटमधून क्षार घेऊन बाहेर पडतंय. तपकिरी सरळ रेघ, तीही ठराविक अंतराने, ही सळईच्या गंजाची. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं कव्हर ढकलून पाडतं, म्हणून तिथे लाकडाच्या काठीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर त्या खाली खाट ठेवू नका.

कडीपाटाच्या घरात कडीचं भिंतीत गेलेलं टोक बघा. लाकूड मधे ठणठणीत असतं आणि टोकाला भिंतीच्या ओलीने कुजतं. स्क्रू ड्रायव्हर सहज रुतला तर सुताराला बोलवा. अशा लाकडावर ऑइल पेंटचा जाड थर देण्यापेक्षा जवसाचं तेल बरं, लाकडाची स्थिती दिसत राहते.

दुरुस्तीत क्रम चुकवू नका. आधी वरून येणारं पाणी बंद, मग खालचं काम. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे पाऊण-एक इंच मोकळं होईपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं, जोडणारा लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टर थरांथरांत भरायचं. नुसता वाळू-सिमेंटचा लेप लावून वर रंग दिला तर दोन पावसाळ्यांत तो तुकडा तुमच्या हातात येतो. सळई जागोजागी बारीक झालेली दिसली, बीमच्या सॉफिटला मध्यावर चिरा असल्या किंवा बाल्कनीच्या वरच्या बाजूला भिंतीलगत चीर दिसली, तर छिन्नी खाली ठेवा. खाली टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याला सांगताना ‘छत गळतंय’ एवढंच न सांगता कोणत्या मजल्याच्या, कोणत्या खोलीतल्या, कशाच्या सॉफिटला, कोणत्या भिंतीपासून किती फुटांवर, आणि पाऊस सुरू असताना की थांबल्यावर, हे सांगा. सोबत खडूने चिरेची टोकं मारून तारीख लिहिलेला फोटो पाठवा.